कडी लावायची न्हाई

साखराबाईचा फोन आला की लक्ष्मीबाई आधी चुलीतलं लाकूड बाहेर ओढायची आणि मग फोन कानाला लावायची. साखराबाई देगलूरला दिल्यापासून, म्हणजे गेली तीसेक वर्षं, तिचं बोलणं भाकरी करपल्याशिवाय कधी संपलं नव्हतं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला मात्र ती एवढंच म्हणाली, "अक्का, आमच्याकडं लागलं बग. शेजारणीचं न्हाणीघर उचलून नेलं वाऱ्यानं. इथून उदगीर, उदगीरवरून तुमी. झाकायचं ते झाकून घ्या." आणि तिनं फोन ठेवला. धाकट्या बहिणीनं एका दमात फोन ठेवला, यावरूनच लक्ष्मीबाईनं ओळखलं की प्रकरण साधं नाही.

तसं सरकार तीन दिवसांपासून सांगत होतं. आंध्राच्या किनाऱ्याला लागलेलं चक्रीवादळ तेलंगण ओलांडून इकडं शिरणार, पत्र्याच्या घरात कुणी थांबू नये, स्लॅबच्या घरात जावं, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिवसातून चारदा ओरडून झालं होतं. चिंचखेडीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं हे गाव. इथं घरणी नदी दोन्ही थड्यांनी वाहिली तरी माणसं लेकरं खांद्यावर घेऊन बघायला जातात. समुद्रातून उठलेलं काही आपल्या अंगणात येईल, हे कुणाला पटणार? पण भोंगा वेगळा आणि साखराबाई वेगळी. लक्ष्मीबाईनं बोटांवर मोजलं. देगलूरला लागलेला वारा दीड-दोन तासांत उदगीरला, तिथून तेवढ्याच वेळात इथं. उदगीरला तिचा मुलगा बजरंग होता, सोयाबीनची पोती घेऊन पहाटेच मोंढ्यात गेलेला. म्हणजे पुढची खबर त्याची. त्यानंतर खबर द्यायला मधे कुणी राहत नव्हतं.

लाइट जायच्या आत दळण आणावं म्हणून ती गिरणीवर गेली, तर तिथं निम्मं गाव उभं. कोण किती दळण घेऊन आलंय यावरून कुणाच्या पोटात किती भीती आहे, हे तिनं उभ्या उभ्या ताडलं. पोलीस पाटील अण्णाराव सकाळपासून पारावर सांगत फिरत होता की काही येत नाही, वाटेतच विरतंय. आणि त्याच्या घरची दोन पोती ज्वारी रांगेत सगळ्यात पुढं होती.

"पाटील, वारं विरलं की मग एवढ्या पिठाचं काय करणार?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"आमच्याकडं पावणे येणार हायेत," अण्णाराव म्हणाला.

"हाव, येऊन राहिलेत ना. देगलूरपस्तोर आलेत."

बायका हसल्या. अण्णारावही हसला, पण त्यानं पोत्यावरचा हात काढला नाही.

घरी येऊन सासू-सुनांनी कामाचा फडशा पाडला. सून उज्वला हाताला चलाख होती. फक्त प्रत्येक काम झाल्यावर ते झालं म्हणून सांगायची तिला खोड होती. "आत्याबाई, मोबाइल चार्जिंग झाले. आत्याबाई, ज्वारीची टाकी इटांवर चढवली. आत्याबाई, गंजीवरची ताडपत्री बांधली, वर नांगराचा फाळ ठेवला." लक्ष्मीबाई हं म्हणायची. तिनं घागरी भरल्या, काडीपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, म्हशीचं दावं सैल केलं; वेळ आलीच तर एका हिसड्यात सुटावं इतकं सैल. पाच वर्षांची नात आरती आपल्या बाहुलीला फडक्यात बांधून स्लॅबच्या खोलीत कोनाड्यात ठेवून आली. एक वाजेपर्यंत घरातलं हलवण्यासारखं सगळं हलवून झालं होतं.

राहिला होता ग्यानोबा, तिचा नवरा.

तो शेडात बाजेवर बसून प्लास्टिकच्या वायरचं दावं वळत होता. घर म्हणजे दोन जागा: बजरंगनं दोन वर्षांपूर्वी बांधलेली लोखंडी दाराची स्लॅबची खोली, आणि तिच्यासमोर पंधरा पावलांवर पत्र्याचं शेड. खोलीत बाकीचे सगळे झोपायचे. ग्यानोबा शेडात. खोलीची वास्तुशांत झाली तेव्हाही त्यानं पंगतीचं पान दाराबाहेर मांडून घेतलं होतं. पाहुण्यांना वाटलं, यजमान नम्र आहे.

त्याचं मूळ गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. त्र्याण्णव साली त्या पहाटे तो रानात होता म्हणून राहिला. घरात त्याची पहिली बायको होती आणि दोन लेकरं होती. हे लक्ष्मीबाईला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. पण पुढचं त्यानं एकदाच सांगितलं, बजरंग जन्मला त्या आठवड्यात, आणि परत कधी नाही. तो पळत घरी आला तेव्हा माळवद बसलं होतं, भिंत कलली होती, पण दार उभं होतं. आतून कडी लावलेली. चौकट वाकडी झाल्यामुळं ती कडी आत अडकलेली. आणि आतून कुणीतरी बोटांनी दार वाजवत होतं. थोरली लेक असावी, आवाज तिच्या उंचीवरून येत होता. पहार शोधून आणेपर्यंत वाजत होतं. पहार लावली तेव्हा थांबलं.

तेव्हापासून त्यानं जड छताखाली झोप घेतली नाही आणि कडी लावलेल्या दाराआड बसला नाही. पहिलीच्या नावाचं पान त्या घरात कधी मिटलं नव्हतं. लक्ष्मीबाईनं आपला संसार त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडला होता, आणि तिला त्याचं फारसं वाईटही वाटायचं नाही. तीस वर्षांत तिनं या माणसाच्या भीतीचे कोपरे घरातल्या भांड्यांसारखे पाठ केले होते. शेडाच्या पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवायची गावभर रीत. ग्यानोबानं एक दगड ठेवू दिला नाही. डोक्यावर दगड नको. त्याऐवजी काटेरी तारेची वेटोळी घालून त्यानं पत्रे वाशांना बांधले होते.

गल्लीच्या पलीकडं महादेवप्पाचं घर, तेही पत्र्याचं. हा त्याच गावचा. त्या पहाटे ग्यानोबाबरोबर पहार धरायला दुसरा माणूस हाच होता. ग्यानोबा आजोळी चिंचखेडीला आला, तेव्हा महिनाभरानं हा त्याच्या मागं आला आणि राहिला. बायको वारली, मुलगा पुण्याला. दोघा म्हाताऱ्यांत एक करार होता. जमीन हलल्यासारखी वाटली की ज्याला आधी कळेल त्यानं बाहेर पळत ओरडायचं, "हलला! भाईर!", आणि दुसऱ्यानं हाकेला हाक देत उघड्यावर यायचं. दुसरा दिसेपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही. गेल्या वर्षी अण्णारावच्या विहिरीवर सुरुंग उडाला, तेव्हा महादेवप्पा न्हाव्यासमोरून अर्ध्या दाढीनं उठला, फडकं गळ्यात तसंच, आणि ग्यानोबा हातात भाकरी घेऊन आला. दोघं गल्लीत एकमेकांसमोर उभे राहिले. गल्ली हसली. न्हावी म्हणाला, "अप्पा, उरलेल्या अर्ध्या दाढीला तरी आत चला." महादेवप्पा म्हणाला, "इथंच कर. आज मी आत येत न्हाई." आणि त्यानं राहिलेली दाढी भर गल्लीत करून घेतली.

लक्ष्मीबाईनं आधी त्याच्याकडंच जाऊन बघितलं. एकाला वळवलं तर दुसरा आपोआप येईल, असा तिचा आडाखा.

"अप्पा, आमच्या खोलीत येऊन बसा की. वारं जाईपस्तोर."

महादेवप्पा उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. "वयनी, पत्रा डोक्यावर पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर?"

"स्लॅब कामून पडंल? वारं हाय हे, भूकंप न्हवं."

"त्या दिवशी बी कुणाला ठावं हुतं?" तो हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं तो नेहमीच चेष्टा करतोय असं वाटायचं. "तुमी जावा. काही वाटलं तर मी ग्यानोबाला हाक मारतो. हाय ना मी."

ती परत आली तेव्हा फोन वाजत होता. बजरंग होता, आणि त्याच्या आवाजापेक्षा मागचा आवाज मोठा होता. "माय, मोंढ्यातले पत्रे कागदावानी उडून राहिलेत! रस्त्यावर झाडं पडलीत, मी काय येऊ शकत न्हाई. बाबाला शेडातून काढ. ऐकून राहिली का? शेड टिकत न्हाई. बाबाला—" फोन कटला. पुन्हा लागला नाही.

दीड वाजून गेला होता. पूर्वेकडं आभाळ ओल्या गोणपाटासारखं झालं होतं आणि एक पान हलत नव्हतं. लक्ष्मीबाई शेडात जाऊन बाजेच्या कडेला बसली.

"बजरंगचा फोन हुता. शेड टिकत न्हाई म्हणतोय."

"न टिकू दे," ग्यानोबा म्हणाला. "पत्रा गेला तर आभाळ हाय वर. आभाळ कुणाच्या अंगावर पडत न्हाई."

"पत्रा एकदाच वर जातो. मग खाली येतो. कुणाच्या मानंवर येतो ते त्याला बी ठावं नसतंय."

"स्लॅब म्हंजे काय? माळवदच की. तवा मातीचं हुतं, आता शिमिटाचं."

"लोखंड हाय त्यात."

"लोखंड आमच्या कडीला बी हुतं," तो म्हणाला आणि वायर वळू लागला.

इथं दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा ओरडली असती. लक्ष्मीबाईनं दोन्हींचा उपयोग फार पूर्वी करून बघितला होता. ती उठली, खोलीत गेली, आरतीची गोधडी आणि बाहुली घेऊन आली, आणि बाजेवर मांडू लागली.

"हे काय?"

"आजा जिथं, नात तिथं. ती तुमच्या गोष्टीबिगर झोपत न्हाई, तुमाला ठावं हाय. मी बी बसते. उज्वलाला एकटीला आत भ्या वाटंल, ती बी यील. सगळी मिळून पत्र्याखाली बसू."

ग्यानोबानं वायर खाली ठेवली. तिच्याकडं बघितलं. ती गोधडीच्या सुरकुत्या काढत होती, जणू खरंच रात्र काढायची होती. आरती येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली.

"एक बोलणं करून घेतो," शेवटी तो म्हणाला. "दार लोटायचं. कडी लावायची न्हाई."

"न्हाई लावत."

"वारं कितीबी येऊ दे. पाणी आत येऊ दे. कडी लावायची न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठेव आन सांग."

लक्ष्मीबाईनं आरतीच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हानं तापलेले होते. "कडी लावायची न्हाई," ती म्हणाली. त्या घडीला तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

तो आत आला. तीस वर्षांत पहिल्यांदा जड छताखाली. दाराशेजारी भिंतीला न टेकता उकिडवा बसला आणि त्यानं एक हात दाराच्या फटीत ठेवला. उज्वला डोळे मोठे करून बघत होती. "आत्याबाई, मामा आत आले" हे सांगायचं मात्र तिनं टाळलं.

तीनच्या पुढं वारा आला. आधी धूळ, मग कडब्याच्या पेंढ्या, मग पाऊस आडवा. लाइट गेली. भर दुपारी खोलीत इतका अंधार झाला की उज्वलाला मोबाइलची बॅटरी लावावी लागली. लोटलेलं दार दोनदा उघडलं, धाडकन भिंतीवर आदळलं, आणि लक्ष्मीबाईनं दोनदा ते अंगानं परत लावलं. तिसऱ्यांदा तिनं पाठ लावून पाय रोवले. पाटा आणून टेकवू का म्हणून तिनं खुणेनं विचारलं, तर ग्यानोबानं मान हलवली. नको. त्याचा घाम निथळत होता. तो सारखा वर स्लॅबकडं बघत होता, तिथं कोण बसलंय हे ओळखू यावं तसा.

"आजा, तू कामून थरथर करतो?" आरतीनं विचारलं.

"थंडी वाजून राहिली बाळा."

मग शेड सुटलं. आधी काटेरी तार तुटल्याचे आवाज आले, एकामागून एक, टणत्कार केल्यासारखे. मग एक पत्रा अख्खाच्या अख्खा खोलीच्या भिंतीवर येऊन आदळला. भिंत हादरली. कोनाड्यातला डबा खाली पडला. स्लॅबला धक्का बसला नव्हता, पण पायाखाली थरथर गेली, हे लक्ष्मीबाईलाही जाणवलं.

"हलला!" ग्यानोबा उठला. तो आवाज तिनं विहिरीच्या सुरुंगाच्या दिवशी ऐकला होता, पण त्या दिवशी गल्लीत हसणारी माणसं होती. "हलला! भाईर! उज्वला, पोरीला घे, भाईर!" त्यानं एका हातानं आरतीचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं दार ओढलं. दार वीतभर उघडलं. त्या फटीतून लक्ष्मीबाईनं अंगण बघितलं, आणि अंगणात पत्रे बघितले. ते जमिनीवर टेकत नव्हते. उभे, आडवे, फिरत होते, जात्याच्या पाळूसारखे.

तिनं दार पाठीनं रेटलं आणि कडी लावली.

लोखंडी कडी, वरून खाली पडणारी. तिचा आवाज केवढासा. पण ग्यानोबानं तो ऐकला. तो थांबला. आरतीचा दंड त्याच्या हातातून सुटला. त्यानं लक्ष्मीबाईकडं असं बघितलं की ती कोण आहे हे तो विसरला असावा. मग त्यानं झेप घेतली. ती कडीवर पाठ लावून उभी राहिली. पासष्ट वर्षांचा माणूस, पण त्याच्या हातात त्या क्षणी पहार धरलेल्या गड्याची ताकद होती. त्यानं तिचे खांदे धरले, तिला ओढलं, तिच्या बांगड्या फुटल्या. "सोड. लक्षुमी, सोड. पाया पडतो. पोरीच्या डोक्यावर हात ठिवला हुता तू." तिनं पाय आणखी घट्ट रोवले. उज्वलानं आरतीला कोपऱ्यात घेतलं आणि तिचं तोंड आपल्या पदरात दाबलं.

आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"ग्यानोबाऽ! हलला! भाईर यऽ!"

महादेवप्पा. पत्रा आदळलेला त्यालाही जाणवला होता. करार तीस वर्षांचा होता, आणि दुसरा दिसल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नव्हतं. हाक एकदा आली, दोनदा आली, मग जवळ आली. मग दार वाजलं. बोटांनी. वाऱ्याच्या एवढ्या गदारोळात बोटांचा आवाज ऐकू यायला नको होता, पण खोलीतल्या चौघांनीही तो ऐकला. टक टक टक. थांबून पुन्हा टक टक.

ग्यानोबा खाली बसला. तो दाराच्या खालच्या फटीला तोंड लावून काहीतरी बोलत होता. ते महादेवप्पाला उद्देशून नव्हतं. "आलो, आलो, आनतो पहार," असं उज्वलानं नंतर सांगितलं. लक्ष्मीबाईनं डोळे मिटले होते. दार उघडलं की हा जाणार, पोर त्याच्या मागं जाणार, पोरीमागं पोरीची आई. तीन. ती बाहेर जाणारी माणसं मोजत होती. बाहेरचा एक माणूस आत ओढून घेता येतो, हे तिला सुचलंच नाही. ज्या बाईनं गिरणीवर उभ्या उभ्या सबंध गावाच्या भीतीचा अंदाज बांधला होता, तिला एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

दार वाजायचं थांबलं.

वारा आणखी अर्धा तास होता. मग पाऊस सरळ पडू लागला आणि आभाळ फिकट झालं. लक्ष्मीबाईनं कडी काढली तेव्हा दार आतल्या बाजूला सहज उघडलं. महादेवप्पा उंबऱ्यापासून दोन हातांवर पालथा पडला होता. मानेवर पत्रा होता. पत्र्याच्या कडेला काटेरी तारेची वेटोळी जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून माणसं पंचनाम्याला आली. चिंचखेडीत सोळा घरांचे पत्रे गेले, दोन म्हशी गेल्या, माणूस एक. साहेबानं बाजेवर कागद टेकवला आणि विचारलं, "भोंग्यावरून एवढं सांगितलं होतं, मग हे गृहस्थ बाहेर कशाला आले होते?"

"मला बलवायला," ग्यानोबा म्हणाला.

"मग तुम्ही?"

लक्ष्मीबाई दारात उभी होती. तिचे हात पदरात होते, फुटलेल्या काकणांचे व्रण झाकायला. अण्णाराव, गल्लीतल्या बायका, न्हावी, सगळे बघत होते.

"वाऱ्यात ऐकू आलं न्हाई," ग्यानोबा म्हणाला.

साहेबानं लिहून घेतलं. पत्रा कुणाच्या शेडाचा, हे त्यानं विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. दगड ठेवले असते तर तो पत्रा कदाचित जागचा हलला नसता. हेही कुणी बोललं नाही. त्या घरात कडी लावणारी एक होती आणि दगड नको म्हणणारा एक, आणि दोघांनाही दुसऱ्याचं ठाऊक होतं. त्यामुळं कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

पुण्याहून महादेवप्पाचा मुलगा आला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं खड्डा खणून त्यात त्याला बसवलं. माती ढकलू लागले तेव्हा ग्यानोबा पुढं झाला आणि म्हणाला, "सावकाश. तोंडावर नका टाकू आधी." मग तो बाजूला झाला आणि सगळं होईपर्यंत उभा राहिला. परत येताना बजरंगनं त्याचा हात धरला, तर तो म्हणाला, "मोकळ्यात तर गेला. बरं झालं." बजरंगला वाटलं, म्हातारा स्वतःची समजूत काढतोय.

शेड पुन्हा उभं राहिलं नाही. बजरंग पत्रे आणतो म्हणाला, तर ग्यानोबानं नको म्हणून सांगितलं. बाज शेडाच्या जागेवर राहिली, वर काहीच नाही. पाऊस आला की तो बाजेवरची गोधडी गुंडाळून म्हशीशेजारी उभा राहायचा. लक्ष्मीबाईशी तो बोलायचा. अबोला वगैरे नव्हता. चहा दे, म्हशीला पेंड घाल, बजरंग कधी येणार, एवढं सगळं व्यवस्थित. आरतीच्या डोक्यावर मात्र तो कुणाला हात ठेवू द्यायचा नाही. सरपंचाच्या बायकोनं कौतुकानं ठेवला, तर उठून पोरीला घेऊन गेला.

अकराव्या दिवशी साखराबाई देगलूरहून आली. ती बहिणीजवळ बसून तासभर बोलली, बोलता बोलता म्हणाली, "अक्का, तू तरी काय करणार हुतीस? तुजी मानसं तर वाचली." लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. परातीत दोन भाकऱ्यांचं पीठ उरलं होतं. "चौघं आत हुतो," ती म्हणाली. "पाचवा बसला असता गं. जागा हुती."

साखराबाईला काही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंगच्या हत्यारांच्या पेटीतून तिनं पाना काढला आणि दाराची कडी सोडवायला बसली. चार नट. गंजलेले होते, रॉकेल घालून फिरवावे लागले. शेवटचा निघाला तेव्हा तिच्या बोटाचं कातडं सोललं. कडी हातात घेऊन ती अंगणातून पंधरा पावलं चालत गेली आणि ग्यानोबाच्या बाजेवर, त्याच्या उशाशी ठेवली.

"काढली," ती म्हणाली. "आता दार उघडंच राहील. आत झोपलात तरी कुणी बोलवंल तवा भाईर येता यील."

त्यानं कडी उचलली, उलटीसुलटी करून बघितली, आणि तिच्या हातात परत दिली.

"आता कशाला?" तो म्हणाला. "बोलवायला कोन यनार हाय?"